आउटबोर्ड मोटारीचा टेकू : ट्रेलरवरून बोट नेताना

बोट ट्रेलरवर चढवून रस्त्याने नेताना तिच्या मागच्या फळीला जखडलेली आउटबोर्ड मोटार कोणत्या स्थितीत ठेवायची, आणि ती तिरकी ठेवावी लागली तर तिचा भार कशावर घ्यायचा, याविषयीची पद्धत. मोटार पाण्यात चालते तेव्हा तिचा रेटा फळीवर सलग आणि बहुतांशी एकाच दिशेने पडतो. फळी, मोटार फळीला धरून ठेवणारे ब्रॅकेट आणि बोल्ट त्या रेट्यासाठीच बनवलेले असतात. रस्त्यावरचे हादरे मात्र वरखाली आणि अचानक बसतात. बोट वर्षभर पाण्यात जेवढी झिजत नाही तेवढी एका वाईट रस्त्यावर झिजू शकते, ती यामुळेच.

आउटबोर्ड मोटार बाजारात रुळवली ती अमेरिकेतील मिलवॉकीच्या ओले एव्हिनरूड यांनी. १९०९ मधले त्यांचे यंत्र दीड अश्वशक्तीचे आणि सुमारे २८ किलो वजनाचे होते. काम झाले की ते काढून खांद्यावर टाकता येई, म्हणून वाहतुकीचा प्रश्न फारसा नव्हता. आज ४० अश्वशक्तीची टू-स्ट्रोक मोटार साधारण ७० ते ७५ किलो भरते, त्याच ताकदीची फोर-स्ट्रोक शंभर किलोच्या आसपास जाते आणि ११५ अश्वशक्तीची दीडशेच्या पुढे. एवढे वजन दर फेरीला काढणे-चढवणे शक्य नसते. ते बोटीवरच राहते आणि बोटीबरोबर खड्डे खाते.

उभी मोटार

जमिनीपासून पुरेशी उंची मिळत असेल तर मोटार चालताना असते तशी, म्हणजे उभी ठेवावी. बहुतेक उत्पादकांच्या माहितीपुस्तिकांत हीच सूचना असते. उभ्या मोटारीचे वजन फळीच्या लगत राहते, ब्रॅकेट आपल्या नेमून दिलेल्या जागी टेकलेले असते आणि मोटार वर-खाली करणाऱ्या हायड्रॉलिक दांड्यांवर ताण येत नाही. शिवाय थंडाव्यासाठी आत घेतलेले पाणी खाली निथळून जाते. थंड देशांत हे पाणी गोठून यंत्र तडकण्याची भीती असते. तापी किंवा गिरणेच्या काठी ती नाही, पण पावसाळ्यातले गढूळ पाणी आत साचून राहिले की त्यातला गाळ पाण्याच्या वाटांत बसतो, म्हणून निथळणे इथेही तितकेच गरजेचे. हाताने उचलायच्या लहान मोटारींत उभ्या स्थितीचा लॉक लावलेला हवा, नाहीतर उतारावर ब्रेक दाबला की पाय, म्हणजे मोटारीचा पाण्यात राहणारा खालचा भाग, मागे उसळतो.

अडचण येते ती स्केगची. पंख्याखाली पात्यासारखा जो सुळका असतो तो मोटारीचा सर्वांत खालचा भाग, आणि ट्रेलरच्या चाकांच्या बराच मागे लोंबतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या (आयआरसी) आयआरसी ९९ या मार्गदर्शिकेतला गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच आहे. चाकामागे दीड-दोन मीटरवर स्केग असेल तर चाके गतिरोधक उतरून सपाटीला लागतात नेमक्या त्याच वेळी ती माथ्यावर येते, आणि एरवी मिळणारी मोकळीक १० सेंटिमीटरने घटते. हा झाला पुस्तकातला गतिरोधक. गावाच्या वेशीवर लोकांनी स्वतः घातलेला अरुंद, उंच उंचवटा हा हिशेब मानत नाही. खालून घासलेल्या स्केगवर रंग उडून ॲल्युमिनियमची चकाकती कड दिसते. ती दिसली की मोटार उभी नेण्याइतकी उंची त्या ट्रेलरला नाही, एवढे नक्की. त्याहून जोराचा मार बसला तर स्केग तुटते आणि गिअरच्या घराला तडा जाऊन तेलात पाणी शिरते.

तिरकी मोटार आणि तिचा भार

मोटार तिरकी केली की तिचे डोके, म्हणजे वरचा यंत्राचा भाग, बोटीकडे झुकते आणि पाय मागे, हवेत लांब जातो. गिअरचा भाग आणि पंखा मिळून १५ किलोचे धरले आणि मोटार जिच्याभोवती तिरकी होते त्या फिरत्या खिळीपासून ते ९० सेंटिमीटरवर असले, तर खिळीभोवती साडेतेरा किलोग्रॅम-मीटर पीळ पडतो. खड्ड्यात धक्का दुप्पट झाला तर सत्तावीस. डोक्याकडच्या वजनाने यातला काही भाग तोलला जातो, सगळा नाही. आता हा पीळ खिळीपासून १० सेंटिमीटरवरच्या एका खिटीने पेलायचा म्हटले, तर तिच्यावर धक्क्याच्या क्षणी पावणेतीनशे किलोपर्यंत जोर येऊ शकतो.

ही खिटी, म्हणजे टिल्ट सपोर्ट लिव्हर, बोट धक्क्याला लावून ठेवताना मोटार पाण्याबाहेर राहावी एवढ्यासाठीच दिलेली असते. यामाहा, मर्क्युरी आणि इतर कंपन्यांच्या पुस्तिकांत ती ट्रेलरवर वापरू नये असे स्पष्ट बजावलेले आहे, कारण हादऱ्याने ती निसटून मोटार धाडकन खाली येऊ शकते. तरीही सगळ्यांत जास्त वापरली जाते ती हीच, कारण ती हाताशी असते. पॉवर टिल्टवर, म्हणजे बटण दाबून मोटार उचलणाऱ्या हायड्रॉलिक यंत्रणेवर, भरवसा ठेवणेही बरोबर नाही. मोठ्या मोटारींत सुरुवातीच्या साधारण २० अंशांपर्यंत दोन ट्रिम दांडे भार घेतात. त्यापुढे पूर्ण वर उचललेली मोटार मधल्या एकट्या सिलिंडरवर तोललेली असते. तेल बंदिस्त असल्यामुळे प्रत्येक धक्का सील आणि व्हॉल्व्हवर जातो, आणि सील जरा गळू लागले की मोटार वाटेतच हळूहळू खाली उतरते. चालकाला ते आरशात दिसत नाही.

टेकूचे प्रकार

सर्वांत परिचित टेकू म्हणजे ट्रेलरच्या मागच्या आडव्या पट्टीपासून किंवा रोलरच्या ब्रॅकेटपासून मोटारीच्या पायापर्यंत जाणारा ॲल्युमिनियमचा किंवा लोखंडी नळीचा दांडा. त्याच्या वरच्या टोकाला रबर चढवलेली इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची बेचकी असते. मोटार आधी गरजेपेक्षा थोडी जास्त वर घ्यायची, बेचकी गिअरच्या फुगीर भागाच्या वर, पायाच्या पुढच्या कडेला बसवायची, आणि मग बटण दाबून मोटार खाली आणून बेचकीवर पक्की टेकवायची. हा शेवटचा दाब दिला नाही तर दांडा खुळखुळत राहतो आणि पहिल्याच मोठ्या खड्ड्यात गळून पडतो. वरून रबरी पट्टा ओढून घेतात. मोटार जमिनीला लागणार नाही एवढीच उचलावी. उगाच पूर्ण वर नेली की पाय जास्तीत जास्त मागे जातो आणि डोलही वाढतो.

दुसरा प्रकार ट्रेलरला शिवतच नाही. हायड्रॉलिक दांड्याच्या उघड्या भागावर चढवायचे खोबणीचे प्लास्टिकचे नळकांडे, किंवा ब्रॅकेट आणि मोटार यांच्यामध्ये घालायची पाचर. भार तेलावर न जाता घन वस्तूवर, तिथून ब्रॅकेटवर आणि फळीवर जातो. खानदेशात अशी तयार वस्तू सहज मिळत नाही. सागाचा किंवा बाभळीचा ठोकळा मापाने तासून वापरला तरी काम भागते. त्याला दोन अटी आहेत : तो दांड्याच्या चकचकीत पृष्ठभागाला ओरखडे पाडता कामा नये, कारण तोच पृष्ठभाग पुढे सीलमधून आत-बाहेर होतो, आणि तो दोरीने बांधलेला असावा.

या दोहोंत सरस कोणता, यावर बोटवाल्यांत कायमचा वाद आहे. दांड्याच्या बाजूने बोलणारे म्हणतात की तो फळी वाचवतो. हे अर्धेच खरे आहे. फळी पूर्ण वेगातला रेटा सोसण्याइतकी मजबूत असते. दांडा खरे तर टिल्टची यंत्रणा वाचवतो आणि पायाची थरथर थांबवतो. उलट बाजूचा आक्षेप अधिक वजनदार आहे : दांड्याचे एक टोक ट्रेलरवर आणि दुसरे बोटीवर असल्याने, बोट ट्रेलरवर उसळत असेल तर ट्रेलरचा प्रत्येक हादरा दांडा थेट मोटारीत ढोसतो. म्हणून बोटीचा मागचा भाग दोन्ही बाजूंनी रॅचेट पट्ट्यांनी ट्रेलरच्या चौकटीला आवळलेला नसेल, तर दांड्यापेक्षा पाचर बरी. पट्टे पक्के असतील आणि मोटार जड असेल, तर दांडा.

ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला जोडतो त्या पुढच्या हुकावर पडणारा भारही याच्याशी जोडलेला आहे. बोटीच्या ट्रेलरसाठी हुकावर एकूण वजनाच्या ५ ते १० टक्के भार योग्य धरतात. सगळ्यांत जड वस्तू बोटीच्या पार मागे, त्यात इंधनाची टाकी आणि बॅटरीही तिकडेच. मग मागे माल जास्त झालेल्या बैलगाडीसारखा ट्रेलर उलाळतो, हूक हलका पडतो आणि वेग वाढला की ट्रेलर शेपूट हलवू लागतो. उपाय मोटारीत नसतो. टाकी पुढे सरकवणे किंवा बोट ट्रेलरवर थोडी पुढे ओढून घेणे, एवढाच तो.

उरलेल्या खबरदाऱ्या किरकोळ आहेत, पण त्यांतूनच घोटाळे होतात. मोटार गिअरमध्ये ठेवली की पंखा वाऱ्याने फिरत नाही. टिलर (मोटार हाताने वळवण्याचा दांडा) किंवा सुकाणूचे चाक बांधले नाही तर तिरकी मोटार वळणावर एका अंगाला लोळते. क्लॅम्पचे स्क्रू हादऱ्याने सैल पडतात, म्हणून लहान मोटारीला साखळी किंवा तारेचा फास हवाच. पंख्यावर लाल फडके बांधतात. मागचे दिवे आणि नंबर प्लेट मोटारीआड जाता कामा नये. कारण मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या व्याख्येत ट्रेलरही मोटार वाहनच आहे. निघाल्यावर दहा-पंधरा किलोमीटरवर एकदा थांबून सगळे पट्टे पुन्हा आवळावेत, कारण सुरुवातीला बोट ट्रेलरच्या गाद्यांवर बसते आणि पट्टे ढिले होतात.

खानदेशातील परिस्थिती

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांत समुद्र नसला तरी मोठे जलाशय आहेत : वाघूर, अनेर, तापीवरील हतनूर, तसेच सारंगखेडा व प्रकाशा येथील बॅरेज, नवापूरकडे आलेला उकाई धरणाचा फुगवटा आणि अक्कलकुवा-धडगाव भागातील सरदार सरोवराचे पाणी. ट्रेलरवरच्या बोटी तुलनेने थोड्या. त्यांच्या दृष्टीने इथली खरी अडचण काठाची आहे. बांधीव उतार क्वचितच असतो. उन्हाळ्यात पाणी मागे सरकले की डांबरी रस्ता संपल्यावर भेगाळलेल्या गाळातून खाली जावे लागते, आणि सपाटी संपून उतार सुरू होतो तिथे ट्रेलरचे शेपूट जमिनीवर टेकते. रस्त्यावर मोटार उभी आणली असली तरी या टोकाला पोचण्याआधी ती वर घ्यावी लागते. टेकू मात्र पाण्यात शिरण्यापूर्वी काढावा. बोट तरंगू लागल्यावर दांडा अडकलेला राहिला तर तो ट्रेलर आणि मोटार यांच्यात वाकतो, क्वचित बेचकीसकट पायाला ओरबाडतो. परतताना क्रम उलटा : बोट ट्रेलरवर, मोटार वर, ट्रेलर काठावर, मग सपाट जागी मोटार उभी करून पाणी निथळू द्यायचे, आणि त्यानंतर टेकू.

काळ्या मातीवरचे रस्ते दर पावसाळ्यात खचतात. कोंडाईबारी किंवा चांदसैली घाटात लागोपाठ वळणे आहेत. अशा वाटांवर अंतर कमी असले तरी टेकूशिवाय मोटार तिरकी नेऊ नये. उन्हाचाही विचार हवा : जळगाव-भुसावळ भागात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि उघड्यावर पडलेले रबरी पट्टे एका-दोन उन्हाळ्यांत कडक होऊन तडकतात. ट्रकच्या जुन्या ट्यूबची कापलेली पट्टी स्वस्त पडते आणि दरवर्षी बदलता येते.

सुटी मोटार

पूरबचावाच्या कामात मात्र मोटार बहुधा बोटीवर नसतेच. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या धुळे आणि नागपूर येथे आहेत. रबरी बोट हवा काढून गुंडाळून आणि मोटार वेगळी, अशी ट्रकमधून नेता येते. या मोटारीला जवान आणि कर्मचारी ‘ओबीएम’ (आउटबोर्ड मोटारचे लघुरूप) म्हणतात. तिच्यासाठी लाकडी किंवा लोखंडी घोडी उत्तम : आडव्या फळीला क्लॅम्प आवळून मोटार उभीच ठेवायची आणि घोडी ट्रकच्या कठड्याला बांधायची. पिकअपमध्ये जागा नसेल आणि आडवी करावी लागली, तर आधी ती काही मिनिटे उभी धरून पाणी निथळू द्यावे आणि मग डोके पायापेक्षा उंच राहील असे अंथरूण द्यावे. डोके खाली गेले तर पायातले उरलेसुरले पाणी एक्झॉस्टच्या वाटेने सिलिंडरमध्ये पोचते. टू-स्ट्रोक मोटारीत कूस फारशी महत्त्वाची नसते. फोर-स्ट्रोक मोटार फक्त पुस्तिकेत किंवा तिच्या अंगावरच्या खुणेत दाखवलेल्या कुशीवरच झोपवावी. चुकीच्या कुशीवर क्रँककेसमधले तेल सिलिंडरमध्ये उतरते आणि पुराच्या काठावर दोरी ओढताना मोटार उठत नाही. इंधनाची नळी सोडवलेली, टाकीचे हवेचे झाकण बंद आणि कार्बोरेटर रिकामा असावा.