पिल्लांचा संघ (श्वान-स्लेज शर्यत)

लांब पल्ल्याच्या स्लेज (कुत्र्यांनी बर्फावरून ओढायची बिनचाकी गाडी) शर्यतीत पहिल्यांदाच उतरणाऱ्या, साधारण दीड ते दोन वर्षे वयाच्या कुत्र्यांचा संघ. अलास्कात याला ‘पपी टीम’ म्हणतात. नाव पिल्लांचे असले, तरी ही कुत्री अंगाने पुरी वाढलेली असतात. सवय तेवढी कच्ची असते. हा संघ जिंकण्यासाठी उतरवत नाहीत, पुढच्या हंगामांसाठी कुत्री तयार व्हावीत म्हणून उतरवतात. म्हणून कोणत्या क्रमांकाने आला यापेक्षा किती कुत्री अखेरपर्यंत आनंदाने ओढत आली, यावर त्याचे यश मोजणे योग्य.

बहुतेक पिल्ले आधी अलास्कातील बेथेल येथील कुस्कोक्विम ३०० (१९८० पासून) किंवा कॉपर बेसिन ३०० यांसारख्या शर्यतींत धावतात. हे आकडे मैलांचे असून अंतर सुमारे ४८० किमी. भरते. त्यानंतर अँकरेज ते नोम ही सुमारे १,६०० किमी.ची इडिटरॉड (१९७३ पासून) येते. नॉर्वेत अल्टा येथील फिनमार्क शर्यत १९८१ पासून होते.

स्लेज कुत्र्यांच्या प्राचीनत्वाबद्दल एकमत नाही. सायबेरियाच्या उत्तरेकडील झोखोव बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या वस्तीत कुत्र्यांची हाडे आणि स्लेजचे अवशेष मिळाले. केवळ हाडांवरून कुत्रे स्लेजला जुंपत होते असे ठरवता येत नाही, हा आक्षेप रास्त आहे. परंतु २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात झोखोव येथील एका कुत्र्याचे आजच्या ग्रीनलंडच्या स्लेज कुत्र्यांशी जवळचे नाते दिसले. त्यामुळे ही परंपरा तितकी जुनी असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते. शर्यतीत धावणाऱ्या अलास्कन हस्की या कुत्र्याचा प्रश्न निराळा. त्याला नोंदणीकृत जात म्हणून मान्यता नाही, म्हणून त्याला केवळ संकर समजण्याकडे कल असे. २०१० च्या अभ्यासानुसार मात्र तो जनुकीयदृष्ट्या स्वतंत्र गट आहे: लांब पल्ल्याच्या कुत्र्यांत मॅलम्यूट व सायबेरियन हस्की या जातींचा वाटा ठळक, तर कमी अंतराच्या वेगवान कुत्र्यांत पॉइंटर व सलुकी यांचा. भारतातील शहरांत पाळला जाणारा सायबेरियन हस्की आणि हा कुत्रा एकच नव्हेत.

पिल्लांच्या संघात पुढे बहुधा एक-दोन जाणती कुत्री असतात. ‘जी’ म्हणजे उजवीकडे आणि ‘हॉ’ म्हणजे डावीकडे, हे नवख्यांच्या अंगवळणी पडते ते त्यांच्याबरोबर धावून. वेग मुद्दाम आवरलेला असतो, आणि जितके तास धावणे तितकेच तास विश्रांती असा बेत पुष्कळ मशर (संघ हाकणारे) ठेवतात. खरे तर धावणे शिकवावे लागतच नाही, झोपणे शिकवावे लागते. पहिल्या थांब्यावर जाणते कुत्रे पेंढ्यावर दोन-तीन गिरक्या घेते, शेपटीखाली नाक खुपसते आणि डोळे मिटते. शेजारचे पिल्लू मात्र उभेच. जाणाऱ्या प्रत्येक संघावर भुंकते, गळ्याची दोरी चावते, पुढ्यातले मांस अर्धवट टाकते. तोवर मशर एकेका पायाचा कापडी मोजा काढून बोटांच्या बेचक्यांत मलम चोळत असतो. शर्यतीत एका कुत्र्याला दिवसाला सुमारे ११,००० किलोकॅलरी लागू शकतात, त्यामुळे हे खाणे टाकणे साधे नव्हे. पुढे तेच पिल्लू पेंढा पडताच त्यात अंग टाकू लागते.

अलास्कातील मशर लिओनार्ड सेप्पाला याच्या सांगण्यानुसार, त्याचा टोगो हा कुत्रा आठ महिन्यांचा असताना पहिल्यांदा जुंपला गेला आणि त्याच दिवशी सुमारे १२० किमी. धावला. १९२५ मध्ये नोमला घटसर्पावरील प्रतिविष (अँटिटॉक्सिन) पोहोचवताना सर्वांत लांब टप्पा याच टोगोने ओढला. अशा अपवादाचा दाखला देऊन कोवळ्या कुत्र्यांवर भार टाकणे आज कोणी मान्य करत नाही.

प्राणिहक्क संघटनांचा या शर्यतींना विरोध आहे. २०२४ च्या इडिटरॉडमध्ये मरण पावलेल्या तीन कुत्र्यांपैकी एक अवघ्या दोन वर्षांचा होता. थकलेल्या कुत्र्याला स्लेजमध्ये बसवून पुढच्या थांब्यावर पशुवैद्यांकडे सोपवतात व तेथून विमानाने परत पाठवतात. पिल्लांच्या संघात असा निर्णय लवकर घेतलेलाच बरा मानतात.