क्रॉसओव्हरचं ‘अपग्रेड’: पार्श्वभूमी

दुमार्गी स्पीकर (खालच्या सुरांना वूफर, वरच्या सुरांना ट्वीटर असे दोन ड्रायव्हर असलेला) आणि त्याला लागणारा क्रॉसओव्हर, म्हणजे आवाजाचे पट्टे वेगळे करून ज्याच्या त्याच्याकडे पाठवणारं कपॅसिटर-कॉइलचं सर्किट, १९३०च्या दशकातच चित्रपटगृहांत आला. जुन्या क्रॉसओव्हरमधले भाग बदलून आवाज खरंच सुधारतो का, या आजच्या वादाची मुळं मात्र १९७०नंतरच्या घरगुती स्पीकरांत आहेत. त्या काळात नॉन-पोलर इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (आत ओलसर रसायन असलेले, कोणत्याही दिशेने जोडता येणारे) सर्रास बसवले गेले, कारण तेवढ्याच मायक्रोफॅरडचा (म्हणजे तेवढ्याच क्षमतेचा) फिल्म कपॅसिटर, प्लास्टिकच्या पातळ पट्टीचा, आकाराने कितीतरी मोठा आणि महाग पडे. कॉइलमध्ये लोखंडी गाभा घातला की तांबं वाचे.

१९८०च्या सुमारास मासिकांतून कपॅसिटरच्या डायइलेक्ट्रिकची (आतल्या विद्युतरोधक थराची) चर्चा रंगली. पॉलिएस्टरपेक्षा पॉलिप्रॉपिलीनमध्ये ऊर्जा कमी वाया जाते, आणि हे मोजून दाखवता येतं. मोठ्या कपॅसिटरला समांतर ०.१ मायक्रोफॅरडचा ‘बायपास’ जोडायची टूमही पसरली. ८ मायक्रोफॅरडमध्ये ही भर सव्वा टक्क्याची, आणि मूळ भागाची टॉलरन्सच (छापील आकड्यापासूनची मान्य तफावत) पाच-दहा टक्के! तरी टूम टिकली.

खरा घोळ ‘अपग्रेड’ या शब्दाने केला. त्यात दोन वेगळी कामं एकत्र कोंबली गेली. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वर्षानुवर्षांत आतून सुकतो, त्याचा मायक्रोफॅरडचा आकडा सरकतो आणि अंतर्गत रोध (ईएसआर) वाढतो. तो बदलणं ही दुरुस्ती. धडधाकट भाग काढून त्या जागी महागडा बसवणं ही सुधारणा, निदान तसा दावा तरी. पण मूळ डिझाइन करणाऱ्याने तो ईएसआर गृहीत धरूनच ट्वीटरची पातळी ठरवलेली असू शकते. फिल्म कपॅसिटर बसवल्याने ८ ओहमच्या ट्वीटरमागचा अर्धा ओहम रोध गेला की आवाज सुमारे अर्ध्या डेसिबलने वाढतो. तेवढ्यानेही वरचा पट्टा उजळ वाटतो, आणि ऐकणारा म्हणतो, ‘पडदा बाजूला झाला!’ म्हणून जाणकार नव्या फिल्म कपॅसिटरला लहानसा रेझिस्टर सिरीजमध्ये जोडतात. विरोधकांच्या मते हे म्हणजे नव्या भागाला जुन्याचा दोष चिकटवणं. मला हा आक्षेप पटत नाही. तो रोध दोष नव्हता, हिशेबात धरलेली गोष्ट होती. वूफरच्या कॉइलचंही तेच: जाड तारेची कॉइल लावून रोध घटवला की बासचं डॅम्पिंग (वूफरचं कंपन आवरलं जाण्याचं प्रमाण) बदलतं, आणि खोक्याचं ट्यूनिंग तर जुन्या आकड्यावर बेतलेलं असतं.

पुढे संगणकावरची सिम्युलेशन सॉफ्टवेअर आणि स्वस्त मापन-मायक्रोफोन घरोघरी आले. एलसीआर मीटरने (कॉइल, कपॅसिटर आणि रोध मोजणाऱ्या उपकरणाने) काढलेला भाग तपासता येऊ लागला, भाग बदलण्याआधीचा आणि नंतरचा आलेख शेजारी ठेवता येऊ लागला. डीएसपीमुळे (आवाजावरच्या डिजिटल प्रक्रियेमुळे) तर कपॅसिटर-कॉइलच वगळून प्रत्येक ड्रायव्हरला वेगळा अॅम्प्लिफायर देता येतो. जुने स्पीकर जपणाऱ्यांचा पेच मात्र सुटलेला नाही. मूळ ईएसआर किती होता, हे कपॅसिटरवर छापलेलं नसतं, आणि चाळीस वर्षं सुकलेला भाग मीटरला लावला की दिसतो तो आजचा आकडा.