कार्ब बदललात, पण क्लच कोण सांभाळणार?

जुन्या गाड्यांच्या नादाला लागलेल्या माणसाला कधी ना कधी कार्ब्युरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा कार्ब, बदलायची हुक्की येतेच. कंपनीने दिलेला एक छोटा कार्ब काढायचा, दोन मोठे बसवायचे, की गाडी पळणार, एवढा सरळ हिशोब. साध्या गिअरच्या गाडीत तो बऱ्यापैकी जमूनही जातो. पण गाडी सेमी ऑटोमॅटिक (गिअर हाताने, क्लच आपोआप) असेल तर जरा थांबा, कारण यातल्या बऱ्याच गाड्यांमध्ये क्लचची दोरी कार्ब्युरेटरच्या हातात असते.

फोक्सवॅगन बीटलची ऑटोस्टिक घ्या, 1968 च्या मॉडेलपासून आलेली. तीन गिअर, टॉर्क कन्व्हर्टर (तेलातून ताकद पोचवणारा जोड), आणि क्लचचं पेडलच नाही. गिअरच्या दांड्यावर हात पडला की कॉन्टॅक्ट जुळतो, सोलेनॉइडला (करंटने हलणारी चुंबकी खिट्टी) करंट जातो, कंट्रोल व्हॉल्व उघडतो आणि इंजिनचा व्हॅक्यूम सर्व्होचा डायफ्रॅम (लवचिक पडदा) ओढून क्लच सोडवतो. हात काढला की क्लच परत धरतो. (ज्यांना गिअरवर हात टेकवून गाडी चालवायची सवय आहे त्यांची इथे फजिती, गाडी चालता चालता क्लच सुटतो आणि इंजिन नुसतंच बोंबलतं.) त्याच काळातल्या पोर्शे 911 ची स्पोर्टोमॅटिक आणि एनएसयू रो 80 यांचीही कल्पना साधारण हीच.

आता हा व्हॅक्यूम येतो कुठून? पिस्टन हवा ओढतायत आणि थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप) जवळजवळ बंद आहे, म्हणून मॅनिफोल्डमध्ये (कार्बपासून सिलिंडरकडे जाणारा पाइप) दाब कमी होतो. धडधाकट इंजिन आयडलला (पाय न दाबता चालू असताना) 15 ते 20 इंच पाऱ्याएवढा व्हॅक्यूम देतं, पण अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की तो जवळपास शून्यावर येतो. म्हणून मध्ये एक टाकी आणि चेक व्हॉल्व (हवा एकाच दिशेने जाऊ देणारा) असतो, म्हणजे साठवलेल्या व्हॅक्यूमवर गिअर बदलता येतो.

खरी गंमत दुसऱ्या, बारीक नळीची आहे. ती कार्बच्या व्हेंच्युरीमधून निघून कंट्रोल व्हॉल्वला जाते. व्हेंच्युरी म्हणजे कार्बचा अरुंद गळा, तिथे हवेचा वेग वाढतो आणि दाब पडतो, बर्नूलीचं तत्त्व, त्याच कमी दाबाने जेटमधून (पेट्रोलचं बारीक छिद्र) पेट्रोल वर खेचलं जातं. हा दाब मॅनिफोल्डच्या अगदी उलटा वागतो, थ्रॉटल बंद असताना जवळपास काहीच नाही आणि उघडला की जोरदार. त्यावरून व्हॉल्वला कळतं की ड्रायव्हरने पाय किती दाबलाय. दाबलेला असेल तर क्लच पटकन धरतो, पाय उचललेला असेल तर हळूच, म्हणजे खालचा गिअर टाकताना धक्का बसत नाही. एकही चिप नसताना हे साधलंय, मला तरी याचं फार कौतुक वाटतं.

आणि आपण नेमकं हेच उखडून टाकतो. नवीन दोन कार्बमध्ये ती बारीक नळी जोडायला जागाच नसेल तर क्लचला पायाचा पत्ता लागत नाही. शिवाय दोन कार्बच्या सेटमध्ये एका मॅनिफोल्डवर दोनच सिलिंडर येतात, त्यामुळे व्हॅक्यूम सलग न येता झटक्याझटक्याने येतो, मग दोन्ही बाजू बॅलन्स पाइपने जोडून तिथून नळी घ्यावी लागते. सोबत तिखट कॅमशाफ्ट (इंजिनचे व्हॉल्व जास्त वेळ उघडे ठेवणारा) टाकला असेल तर आयडलचा व्हॅक्यूम आणखी खाली.

मग गाडी आयडलला थरथरते म्हणून लोक स्क्रू फिरवून आरपीएम वाढवतात. ते नका करू. आरपीएम वाढला की ऑटोस्टिक गिअर टाकताना दणका देते आणि ब्रेक सोडला की पुढे सरकायला लागते. जुन्या सॅक्सोमॅट नावाच्या ऑटोमॅटिक क्लचमध्ये तर सेंट्रिफ्यूगल क्लच (इंजिनचा वेग वाढला की धरणारा) असतो, आयडल जास्त असेल तर तो पूर्ण सुटतच नाही. सिट्रोएन डीएसची सिस्टिम हायड्रॉलिक, पण तिथेही आयडल बिघडला की क्लच बिघडलाच.

थरथर असेल तर आधी लीक शोधा. इंजिन आयडलला ठेवून टाकीकडे जाणारी नळी चिमटीत दाबा. टाकी भरलेली असेल तर त्या नळीतून हवा वाहतच नसते, त्यामुळे आवाजात फरक पडायला नको. आवाज बदलला तर पुढे कुठेतरी चीर आहे, तिथून फुकटची हवा आत जाऊन मिश्रण लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) होतंय.

माझं मत विचाराल तर ऑटोस्टिकवर मूळचा सिंगल कार्बच ठेवा, जेट नीट निवडा, थ्रॉटलचा शाफ्ट झिजला असेल तर बुश बसवून घ्या. दोन कार्ब हवेतच असतील तर व्हेंच्युरीची नळी जोडता येईल असेच बघा. कंट्रोल व्हॉल्वच्या स्क्रूला हात लावायचा तो कार्ब आणि टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) जमल्यावरच, तोही थोडा थोडा, आणि प्रत्येक वेळी तिसऱ्यातून दुसरा टाकून बघायचं, मागची चाकं किंचाळली तर क्लच अजून घाईने धरतोय.