सी प्रोग्रॅमच्या पोटात लुआ

‘सी’सारखी कंपाइल होणारी, म्हणजे चालवण्याआधीच यंत्राच्या भाषेत बदलून घ्यायची भाषा तेवढी खरी, स्क्रिप्टची भाषा म्हणजे पोरखेळ, असा समज नव्याने शिकणाऱ्यांमध्ये हटकून आढळतो. प्रत्यक्षात दोघी एकाच घरात नांदतात. मराठी विकिपीडियावर ‘विभाग:’ने सुरू होणाऱ्या पानांत लुआ या स्क्रिप्ट भाषेतला कोड असतो. लेखाचं पान तयार होताना तो सर्व्हरवर चालतो. त्याला मुभा 10 सेकंदांची, आणि मेमरीही मोजकीच.

लुआ 1993 साली रिओ दि जानेरोच्या पीयूसी-रिओ विद्यापीठात जन्मली. तिच्याआधीच्या भाषेचं नाव होतं ‘सोल’. पोर्तुगीजमध्ये सोल म्हणजे सूर्य, म्हणून ही लुआ, म्हणजे चंद्र. तिचा अख्खा इंटरप्रिटर, म्हणजे लुआचा कोड चालवणारा प्रोग्रॅम, सीच्या सुमारे 30,000 ओळींचा. दुसऱ्या सी प्रोग्रॅमला लायब्ररी म्हणून सरळ जोडता येतो.

समजा, वीजबिलाचा प्रोग्रॅम सीमध्ये आहे. दर बदलला की पुन्हा कंपाइल करायचं नसेल, तर टप्प्यांचं गणित वेगळ्या फाइलीत, ‘बिल’ नावाच्या लुआ फंक्शनमध्ये ठेवायचं. अडचण एकच. लुआचा गार्बेज कलेक्टर वापरात नसलेली मेमरी परस्पर मोकळी करतो, त्यामुळे सीच्या हातात लुआच्या वस्तूचा मेमरीतला पत्ता देणं धोक्याचं. म्हणून दोघींमध्ये देवाणघेवाणीसाठी स्टॅक, म्हणजे भाकऱ्यांसारखी चळत.

‘लुआएल_न्यूस्टेट’ने इंटरप्रिटर उभा केला, फाइल चालवली, की चळत रिकामी असते. ‘लुआ_गेटग्लोबल’ने ‘बिल’ मागवलं: जागा 1 वर फंक्शन. ‘लुआ_पुशनंबर’ने 120 युनिट ठेवले: जागा 2. आता ‘लुआ_पीकॉल’ला सांगायचं, फंक्शन चालव: एक इनपुट, एक उत्तर. ते फंक्शन आणि 120 दोन्ही उचलतं आणि जागा 1 वर रक्कम ठेवतं. वरून मोजायचं तर तिचा क्रमांक उणे 1. ‘लुआ_टूनंबर’ने ती वाचायची. वाचल्याने ती उचलली जात नाही! ‘लुआ_पॉप’ करून ती काढावीच लागते.

ते विसरलं तर प्रत्येक ग्राहकामागे एक भाकरी चळतीवर उरते. सी फंक्शनला हमी फक्त 20 मोकळ्या जागांची; जास्त हव्या तर ‘लुआ_चेकस्टॅक’ने मागून घ्यायच्या. जागा संपल्या की लगेच प्रोग्रॅम पडेलच असं नाही, आणि खरी पंचाईत तीच. मेमरी भलतीकडे खराब होते आणि तो कधीतरी नंतर कोसळतो. मग कारण न शोधता रोज रात्री सर्व्हर रीस्टार्ट करायचा तोडगा निघतो, जो लिंबू-मिरचीच्याच जातीचा. त्यापेक्षा चाचणीसाठी लुआ ‘लुआ_यूज_एपीआयचेक’ हा पर्याय लावून कंपाइल करावी. चूक बहुधा जागच्या जागी सापडते.

मजकुराचं आणखी नाजूक. ‘लुआ_टूस्ट्रिंग’ने मिळालेला पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, ती स्ट्रिंग (मजकूर) चळतीवर आहे तोवरच भरवशाचा. पॉप करण्याआधी प्रत काढून घ्यायची.

‘पीकॉल’ऐवजी नुसतं ‘लुआ_कॉल’ वापरलं आणि स्क्रिप्टमध्ये चूक निघाली, तर ती पकडायला वर कोणी नसल्याने अख्खा प्रोग्रॅम बंद पडतो. ‘पीकॉल’ चुकीबद्दलचा संदेश चळतीवर ठेवून परत येतं. मात्र न संपणाऱ्या लूपपुढे त्याचंही चालत नाही. तिथे ‘लुआ_सेटहुक’ने, समजा दर 1,00,000 सूचनांनंतर, तपासणी लावून स्वतःच एरर फेकावी लागते. आणि स्क्रिप्ट परक्याची असेल तर सगळ्या लायब्ररी एकदम उघडून देऊ नयेत: ऑपरेटिंग सिस्टिमची कामं करणारी ‘ओएस’ उघडी राहिली, तर दराच्या फाइलीतली एक ओळ डिस्कवरच्या फाइली पुसू शकते.