दुचाकीवरचा आवाज : मोठा कोणता आणि चांगला कोणता

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत ‘डॉल्बी’ म्हटले की मिरवणुकीत ट्रॅक्टरवर रचलेली स्पीकरची भिंत डोळ्यांपुढे येते. रे डॉल्बी यांनी १९६५ साली लंडनमध्ये जी प्रयोगशाळा सुरू केली, तिचे पहिले महत्त्वाचे काम मात्र ध्वनिफितीवरची खरखर कमी करण्याचे होते. म्हणजे आवाजाच्या स्वच्छतेशी जोडलेले हे नाव आपल्याकडे आवाजाच्या दणक्याचे नाव झाले. दुचाकीवरच्या ध्वनियंत्रणांची तुलना करताना नेमकी हीच सरमिसळ होते. दुकानासमोर गाडी उभी करून दोन संच वाजवून पाहिले जातात आणि ज्याचा आवाज रस्त्यापलीकडे जातो तो चांगला ठरतो. ही कसोटी का चुकते, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

आवाज मोजण्याचे डेसिबल हे एकक स्पीकरसाठी तयार झालेच नव्हते. दूरध्वनीच्या तारेत संदेशाची किती घट होते हे मोजण्यासाठी अमेरिकेतील बेल कंपनीच्या अभियंत्यांनी १९२० च्या दशकात ते रूढ केले. १९२५ मध्ये राइस आणि केलॉग या अभियंत्यांनी ज्या स्पीकरचे वर्णन प्रसिद्ध केले, त्याच रचनेचे, म्हणजे चुंबकात हलणारे तारेचे वेटोळे आणि त्याला जोडलेला कागदी कोन असलेले, स्पीकर आजही गाड्यांना बसतात. पुढे १९३३ मध्ये फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी दाखवून दिले की कान सगळ्या सुरांना सारखा न्याय देत नाही. खर्जातले सूर हळू वाजले तर ते जवळजवळ हरवतात आणि ३ ते ४ हजार हर्ट्‌झच्या आसपासचे सूर सर्वांत सहज ऐकू येतात. वॅट दुप्पट केले तर आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो, पण कानाला तो दुप्पट वाटण्यासाठी साधारण १० डेसिबलची वाढ, म्हणजे दहापट वॅट लागतात. तुलनेचे सारे गणित या दोन आकड्यांवर उभे आहे.

चारचाकीत रेडिओ लवकर रुळला. गॅल्विन कंपनीने १९३० मध्ये ‘मोटोरोला’ नावाने तो विकायला काढला. दुचाकीला मात्र काच नाही, छप्पर नाही आणि वीजही बेताची, त्यामुळे तिथे ही सोय लांब पल्ल्याच्या जड गाड्यांवर, उशिरा आली. होंडाची गोल्ड विंग १९७४ मध्ये लोकांसमोर आली आणि १९८० मध्ये तिचे वाराअडवणी व सामानपेट्यांसह कारखान्यातच सजवलेले रूप निघाले. अशा गाड्यांमुळे स्पीकरला बसायला जागा आणि वाऱ्यापासून आडोसा मिळाला. वेग वाढला की आवाज आपोआप वाढवणारी सोय अशाच गाड्यांवर रुजली. हार्ले-डेव्हिडसनने २०१४ च्या मॉडेलांपासून ‘बूम बॉक्स’ ही यंत्रणा दिली.

साताऱ्याचा दुचाकीशी संबंध जुना आहे. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्सच्या इथल्या कारखान्यातून ‘प्रिया’ स्कूटर बाहेर पडत असे. त्या स्कूटरवर गाणी वाजवण्याचा प्रश्नच नव्हता. आपल्याकडे चालत्या वाहनावरचे गाणे खऱ्या अर्थाने गाजवले ते ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरांनी. हंगामात रात्री कारखान्याकडे निघालेल्या ट्रॉल्या अजूनही आधी कानाला कळतात आणि मग डोळ्यांना. दुचाकीवर कॅसेट टिकणे अवघड होते, कारण खड्ड्यांत फीत डगमगते. हलता भाग नसलेली पेनड्राइव्हवरची एमपीथ्री गाणी आली, तेव्हा हँडलला बांधायच्या दोन स्पीकरचे स्वस्त संच गावोगावच्या दुकानांत पोहोचले.

या संचांच्या खोक्यांवरचे आकडे हा माझ्या मते सगळ्यात मोठा घोटाळा आहे. चालू गाडीचा विद्युतदाब फार तर १४.४ व्होल्ट असतो. दाब वाढवणारे वेगळे मंडल नसेल, तर ४ ओहमच्या एका स्पीकरला अॅम्प्लिफायर आवाज न फाटता, म्हणजे न बिघडता, सुमारे २६ वॅटच देऊ शकतो, त्याहून जास्त नाही. मोटारीच्या टेपवर ‘५० वॅट गुणिले ४’ असे छापलेले असते, ते याच मंडलाला पूर्ण फाटेपर्यंत ढकलून मिळालेल्या चौकोनी लहरीचे मोजमाप आहे. मग ‘पीएमपीओ’, म्हणजे क्षणभराची कमाल ताकद, असे लिहून शेकडो वॅट सांगणारा दुचाकीचा संच काय देत असेल, याचा अंदाज कोणालाही बांधता येईल. वॅटपेक्षा स्पीकरची संवेदनशीलता पाहावी, म्हणजे १ वॅटला १ मीटरवर तो किती डेसिबल देतो हे पाहावे. ८५ आणि ९१ डेसिबलच्या दोन स्पीकरांत जो फरक आहे, तो वॅटने भरून काढायचा तर चौपट वॅट लागतात.

दुसरी अडचण वाऱ्याची आहे आणि उभ्या गाडीवरच्या तुलनेत ती दिसतच नाही. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा आवाज साधारण १५ ते १८ डेसिबलने वाढतो. साताऱ्याच्या पोवई नाक्यावर ताशी ४० किलोमीटरने जाताना जे गाणे स्वच्छ ऐकू येते, तेच महामार्गावर ८० च्या वेगाने तितकेच ठळक ऐकायचे असेल, तर तीस ते साठपट वॅट हवेत, आणि ते कोणत्याही साध्या दुचाकीच्या बॅटरीच्या आवाक्यातले नाही. शिवाय वाऱ्याचा घोंगावा मुख्यतः खालच्या सुरांत असल्यामुळे तो आधी ढोलकी आणि बेस गिळतो व फक्त गायकाचा आवाज आणि झांजा उरतात. बंद मोटारीत बेसला आतल्या हवेची साथ मिळते. दुचाकीवर तो मोकळ्यावर निघून जातो. म्हणून यवतेश्वरच्या घाटात सावकाश चढताना छान वाटलेला संच महामार्गावरचा खंबाटकी घाट उतरताना कर्कश वाटतो, तेव्हा संच बिघडलेला नसतो.

दर्जाचा प्रश्न इथून सुरू होतो. ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवला की अॅम्प्लिफायर मर्यादेला पोहोचतो आणि आवाज ‘फाटतो’, म्हणजे मूळ गाण्यात नसलेले सूर त्यात मिसळतात. या मिसळीला विकृती म्हणतात. काही उत्पादक १० टक्के विकृतीला मोजलेले वॅट छापतात आणि काही १ टक्क्याला, त्यामुळे दोन आकडे शेजारी ठेवणे व्यर्थ ठरते. मंदिरावरचा कर्णा थोड्या वॅटमध्ये दूरवर पोहोचतो आणि त्यातून बोलणेही स्पष्ट कळते, पण त्यात तबल्याचा बायाँ शोधून सापडत नाही. मोठेपणा आणि दर्जा वेगळे आहेत, हे समजायला याहून सोपे उदाहरण मला माहीत नाही. तुलना करायचीच असेल तर दोन्ही संच आधी कानाच्या जागी सारख्या डेसिबलवर आणावेत, कारण किंचित मोठा वाजणारा संच ऐकणाऱ्याला बहुतेकदा अधिक चांगला वाटतो.

इतरांच्या कानांचाही विचार कायद्याने केला आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. हँडलवरचा स्पीकर चालकाला महामार्गावर ऐकू यावा इतका वाजला, तर गल्लीत शिरताना तो ही मर्यादा सहज ओलांडतो.

हेल्मेटमधल्या ब्लूटूथ स्पीकरने हा पेच बराचसा सोडवला, कारण स्पीकर कानापासून काही सेंटिमीटरवर आला आणि अगदी थोडी वीज पुरू लागली. वारा मात्र तिथेही असतो. ताशी १०० किलोमीटरच्या आसपास हेल्मेटच्या आतला आवाज १०० डेसिबलच्या जवळ जातो आणि अमेरिकेतील ‘नायॉश’ ही कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणारी सरकारी संस्था त्या पातळीला दिवसाला १५ मिनिटेच सुरक्षित मानते, तर साताऱ्याहून पुण्याला जायला दोन तास लागतात. त्यावर गाणे चढवणे म्हणजे कानाला आणखी भार देणे होय. कानात फोमचे बोळे घालून वारा कमी केला, तर गाणेही तितकेच कमी होते; पण दोन्ही त्रासदायक पातळीच्या खाली येतात आणि कान थकत नसल्यामुळे गाणे अधिक स्वच्छ कळते. दोन महागड्या हेल्मेट-संचांची तुलना करण्याआधी स्पीकर कानाच्या छिद्रासमोर नीट बसला आहे का हे पाहावे, कारण तो एखादा सेंटिमीटर मागे सरकला तरी बेस जातो आणि तो दोष नाहक कंपनीच्या माथी मारला जातो.