व्हॉल काढायचा की ठेवायचा: खान्देशातल्या डिझेल इंजिनांच्या तापमानाची पार्श्वभूमी

जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळिशीला टेकला की गॅरेजांमध्ये जुना वाद निघतो. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी पुरेसं तापलं की रेडिएटरची वाट उघडणारी झडप, मिस्त्रींच्या भाषेत ‘व्हॉल’, इंजिनात ठेवायचा की काढून टाकायचा?

डिझेल इंजिन जर्मनीत 1897 मध्ये यशस्वी झालं, तेही पाण्यानेच गार होत होतं. आपल्याकडे 1954 पासून जमशेदपुरात जर्मन सहकार्याने ट्रक बनू लागले आणि धुळ्याच्या चौफुलीवर मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर या दोन्ही रस्त्यांवरून ती इंजिनं येऊ लागली. ती साधारण 80 ते 95 अंशांत चालावीत अशी बेतलेली होती. पण लळिंग, कन्नड किंवा कोंडाईबारीच्या घाटात क्षमतेपेक्षा जास्त माल भरलेली गाडी खालच्या गिअरमध्ये चढते तेव्हा इंजिनावर जोर पुरेपूर असतो आणि समोरून वारा मात्र नसतो. त्यात रेडिएटरमध्ये बोअरचं जड पाणी. आतून क्षाराचा थर धरला की तेवढीच उष्णता बाहेर पडायला अडते. गाड्या उकळत. घाटमाथ्यावर बोनेट उघडून थांबलेल्या ट्रकांची रांग आणि डबा घेऊन पाणी शोधणारा क्लीनर हे दृश्य ऐंशी-नव्वदच्या दशकात रोजचंच होतं.

त्यातूनच ‘व्हॉल काढी टाक’ हा उपाय रुजला. मला तो चुकीचा वाटतो, पण वेडेपणाचा वाटत नाही. अडकून बंद राहिलेल्या व्हॉलने कित्येक हेड गॅस्केटं (इंजिनाचा वरचा सांधा घट्ट ठेवणाऱ्या चकत्या) खाल्ली आहेत, आणि रस्त्यात नवा व्हॉल मिळायचा नाही. गडबड पुढे होते. बऱ्याच इंजिनांत व्हॉल दोन कामं करतो: रेडिएटरची वाट उघडतो आणि त्याच वेळी बायपासची, म्हणजे पाणी परस्पर इंजिनात फिरवणारी वाट, बंद करतो. नुसता व्हॉल काढला तर बायपास कायमचा उघडा राहतो. मग ऐन चढावर थोडं गरम पाणी रेडिएटरला न जाताच परत फिरतं आणि गाडी उलट जास्त तापते. जाणते मिस्त्री म्हणून बायपासला बूच मारत. मग गाडी उकळत नसे, पण धुळ्याच्या हिवाळी पहाटे मैलोगणती तापमानाचा काटाही हलत नसे.

शब्दानेही घोटाळा वाढवला. सकाळी ड्रायव्हर म्हणतो ‘गाडी गरम होऊ दे’ आणि घाटात तोच म्हणतो ‘गाडी गरम झाली’. पहिलं गरम हवंहवंसं, दुसरं संकट. दोन्हींना एकच शब्द असल्याने ‘जितकं थंड तितकं चांगलं’ हे पक्कं होत गेलं. थंड इंजिनात डिझेल पुरतं जळत नाही, काजळी धरते, ऑइल पातळ होतं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला डिझेलमध्ये गंधक टक्क्याच्या आसपास असायचं. थंड लायनरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीवर, साचणाऱ्या ओलाव्यात त्याचं आम्ल होई आणि लायनर झिजे. खर्च यायचा दोन-तीन वर्षांनी, त्यामुळे दोष कुणी व्हॉलवर ठेवला नाही.

देशभर 2017 मध्ये गंधक दहा लाखांत 50 भागांवर आणि एप्रिल 2020 पासून बीएस-6 या प्रदूषणाच्या नियमांसोबत 10 भागांवर आलं. आम्लाची भीती ओसरली, पण ट्रकांपुरता वाद संपला तो पाण्याचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरमुळे. बीएस-6 ट्रकात धूर साफ करणाऱ्या यंत्रणेलाच उष्णता लागते. सायलेन्सरच्या वाटेत युरिया फवारायला धूर सुमारे 200 अंश तरी हवा. पाणी ठरल्या तापमानाला पोहोचलंच नाही तर कंट्रोल युनिट, म्हणजे इंजिनाचा संगणक, बिघाड नोंदवतं, आणि काही वेळा ताकदही कमी करतं.

नंदुरबारच्या उत्तर टोकाला हा वाद वेगळ्या रूपात जिवंत आहे. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाचं पाणी 2019 मध्ये पहिल्यांदा 138.68 मीटरच्या पूर्ण पातळीला पोहोचलं. त्याआधीपासूनच अक्राणी-अक्कलकुव्यातल्या काठच्या गावांना बाजार, रेशन, दवाखान्यासाठी होडी आणि बार्जचाच आधार होता. बोटीचं इंजिन बाहेरचं पाणी थेट ओढून गार केलं तर रेडिएटर लागत नाही आणि पाणी कधी संपत नाही. समुद्रात असं इंजिन मुद्दाम साठ अंशांच्या आसपास ठेवतात, कारण त्याहून तापलं तर मिठाचे थर बसतात. नर्मदेच्या गोड्या पाण्यात ते कारणच नाही. इथली अडचण पुराच्या गाळाची आहे, आणि त्यावर सोय म्हणजे बोटीच्या तळाला बाहेरून नळी लावून आतलं पाणी आतच फिरवणं. तसं केलं की व्हॉल पुन्हा लागतोच.