लाकडी ल्युअर घरी बनवताना: पेटीसोबतचे माहितीपत्रक

आमच्याकडून पेटी घेऊन गेलेले बहुतेक ग्राहक घरी पोचल्यावर आधी रंगाच्या बाटल्या उघडतात. हौस आहे, आम्ही समजू शकतो. पण ल्युअरला, म्हणजे माशासारख्या दिसणाऱ्या नकली आमिषाला, मासा लागतो तो मुख्यतः त्याच्या चालीमुळे. पावसानंतर घटप्रभा, मलप्रभा, मार्कंडेय या नद्यांचे पाणी गढूळ असते. मरळ आणि शिवडा अशा पाण्यात रंग बघत बसत नाहीत, शेजारून काही थरथरत गेले की त्यावर झेप घेतात. रंगीत पण लाकूड भिजून कललेला ल्युअर शोकेसमध्ये शोभतो, पाण्यात नाही. म्हणून इथे लाकूड, वजन आणि सील यांबद्दल जास्त लिहिले आहे, रंगाबद्दल कमी.

आधीच सांगतो: रोहू आणि कटला यांच्यासाठी ही पेटी नेऊ नका. ते शिकारी मासे नव्हेत, त्यांना कणकेचा गोळाच बरा. ल्युअर मरळ, शिवडा, महसीर यांच्यासाठी.

लाकूड

पेटीतले ठोकळे पांगाऱ्याचे आहेत. सावंतवाडीची खेळणी ज्या लाकडांची होतात त्यांत हेही एक. हलके, चाकूला मऊ आणि पाण्यावर चांगले तरंगणारे. आपल्या गोकाकच्या खेळण्यांनाही असेच हलके लाकूड लागते. घरी ठोकळा शोधायचा असेल तर मशिनरीच्या पॅकिंग खोक्याचे पाइन चालेल, फक्त गाठ नसलेला तुकडा निवडा. सागवान वापरू नका. सुंदर दिसते, पण जड असते, आणि पोटात शिसे घालायला वावच उरत नाही. सावरीचे लाकूड हलके खरे, पण ते पाणी लवकर पिते.

ठोकळा चौकोनी असतानाच तीन कामे उरकून घ्या: चारी बाजूंनी मध्यरेषा मारणे, नाकापासून शेपटीपर्यंत तारेची खाच पाडणे आणि लिपसाठी (ल्युअरच्या नाकाखाली बसणारी चपटी पट्टी) हॅक्सॉ ब्लेडने चीर घेणे. आकार गोल झाल्यावर हीच चीर सरळ घेता येत नाही, आणि चीर तिरकी गेली की ल्युअर जन्मभर एका बाजूला पळतो. नंतर पुठ्ठ्याचा साचा ठेवून आकार उतरवा, करवतीने कापा आणि चाकू, कानस, पॉलिश पेपर या क्रमाने जा. ८० नंबरने सुरू करून २२० वर थांबलात तरी पुरे. चाकू नेहमी लाकडाच्या रेषेने आणि अंगाबाहेर चालवा. मुले सोबत असतील तर त्यांच्या हातात पॉलिश पेपर द्या, चाकू नको.

नुसत्या आय-स्क्रूवर (डोक्याला कडी असलेला स्क्रू) विसंबू नका. मोठा शिवडा गळाला लागला की मऊ लाकडातून स्क्रू उपटून येतो. पेटीतली १ मिमीची स्टीलची तार नाकाच्या कडीपासून शेपटीच्या कडीपर्यंत एकसंध जाऊ द्या, पोटाची कडीही तिच्यातच वळवा. खाचेत दोन ट्यूबचा इपॉक्सी गोंद भरा. लाकडाचा साधा पांढरा गोंद पाण्यात सुटतो.

वजन

शिसे आधी चिकटवू नका. ल्युअरला गळ आणि रिंगा, म्हणजे अंतिम वेळी असेल ते सगळे, लावा. शिशाचा तुकडा रबरबँडने पोटाला बांधा आणि बादलीत सोडा. तुकडा थोडा पुढे, थोडा मागे सरकवत राहा. पाठ वर राहून ल्युअर समतल तरंगू लागला की त्या जागी पेन्सिलची खूण करा, भोक पाडा, शिसे बसवा आणि तोंड गोंदाने बुजवा. बोटाने एका कुशीवर दाबून सोडल्यावर तो स्वतःहून सरळ झाला पाहिजे. नाही झाला तर वजन अजून खाली हवे. पुढे रंगाचे आणि इपॉक्सीचे वजन वाढते, म्हणून या टप्प्यावर तो किंचित जास्त तरंगलेला चांगला.

शिसे स्वयंपाकघरात वितळवू नका. पेटीत तयार गोळ्या दिल्या आहेत. त्या हाताळल्यावर साबणाने हात धुवा.

लिपचा कोन तुम्ही ठरवा. लिप जवळजवळ उभी ठेवली तर ल्युअर वरच्या थरात डुलत चालतो, अंगाच्या रेषेत पुढे काढली तर खोल जातो. काठाच्या गवतात मरळ मारायची असेल तर उभी ठेवा. पेटीतली लिप मोडली तर जुन्या सीडीतून कापता येते. तीही पॉलिकार्बोनेटच असते आणि १.२ मिमी जाडीची. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कुणी ओळखीचे असेल तर अॅल्युमिनियमच्या पत्र्याची कातरणही चालते.

सील आणि रंग

सँडिंग सीलरचे (लाकडाची छिद्रे बुजवणारे द्रावण) दोन हात द्या, मध्ये ४०० नंबरचा पेपर हलका फिरवा. कड्यांच्या बुडाशी आणि लिपच्या चिरेत ब्रश घुसवून लावा. पाणी शिरते ते तिथूनच. जूनपासून सप्टेंबरपर्यंत खानापूर भागातल्या ग्राहकांनी विशेष काळजी घ्यावी. दमट हवेत सीलर पांढरट पडतो आणि इपॉक्सीवर चिकट साय येते. ऊन पडलेली दुपार बघून काम करा.

वर पांढरा प्रायमर द्या आणि मग अॅक्रिलिक रंग. पाठ गडद, पोट फिकट, एवढे सांभाळले की बाकी तुमची मर्जी. खवल्यांसाठी लसणाच्या पिशवीची जाळी अंगावर ताणून कपड्याच्या चिमट्यांनी आवळा आणि स्पंजने टिपत रंग द्या. जाळी काढायची घाई करू नका, रंग ओला असताना ओढली की खवले फरफटतात. स्प्रे कॅन वापरणार असाल तर आधी टाकाऊ तुकड्यावर फवारून बघा. खालच्या थराशी जमले नाही तर रंग सुरकुततो.

शेवटचा पारदर्शक थर इपॉक्सीचा. दोन्ही भाग दोन वेगळ्या सिरिंजने मोजून घ्या, अंदाजाने ओतलेले इपॉक्सी आठवडाभर चिकट राहते. लावल्यावर ल्युअर सतत फिरत राहायला हवा, नाहीतर पोटाखाली थेंब साचतो. कुलरची झडप फिरवणारी छोटी मोटर या कामाला उत्तम. ती नसेल तर हाताने फिरवत बसा, कंटाळवाणे आहे, पण होते.

पाण्यावर जाताना

धरण आणि तलावातली मासेमारी बहुधा ठेक्याने दिलेली असते. ठेकेदाराला विचारल्याशिवाय गळ टाकू नका. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत तर नकोच. राकसकोप धरणाचे पाणी बेळगाव शहर पिते, तिथे चाचणीसाठीही जाऊ नये. मासा सोडून देणार असाल तर पकडीने गळाचे उलटे काटे दाबून टाका.

ल्युअर आपल्याकडे ओढताना एका बाजूला पळत असेल तर नाकाची कडी पकडीने त्याच्या उलट बाजूला केसभर वळवा आणि पुन्हा ओढून बघा. एकदम जास्त वळवू नका, वारंवार वाकवली तर तार तुटते.

ठोकळ्यात गाठ किंवा तडा निघाला तर कापायच्या आधी दुकानात आणा, बदलून देऊ. कापलेला बदलत नाही.